कुऱ्हाड लागली

माझं लग्न झालं तेव्हा निजामाचं राज्य जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. वडील पूर्णेला रेल्वेत पॉइंटमन होते. आमच्या चाळीत सगळ्या जातीधर्मांची माणसं, एका भिंतीला दोन घरं आणि दिवसभर आरडाओरडा. पाहुणे असले की आई वडिलांशी हळू आवाजात बोलायची. एरवी म्हणायची, "ऐकू येतंय का, का कान गाडीखाली गेले?" शेजारचा फायरमन बायकोला मारायचा तेव्हा आधी शिव्या द्यायचा, मग मारायचा, मग स्वतःच उंबऱ्यावर बसून रडायचा. ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. कोणी कोणाला मारलं, कशावरून मारलं आणि चूक कोणाची, हे सगळ्या चाळीला माहीत असायचं.

सासर परभणी-जिंतूरच्या वाटेवर, परभणीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. मेंढरं राखणारं घर, जोडीला थोडी काळी जमीन. सासू, सासरा, थोरला दीर, त्याची बायको आणि माझा नवरा, एवढीच माणसं. आमच्याकडं थोरल्या दिराला भाया म्हणतात. धाकट्या भावाच्या बायकोनं भायाच्या समोर उभं राहायचं नाही, त्याची सावली अंगावर घ्यायची नाही आणि त्याचं नाव तर तोंडातून काढायचंच नाही.

पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की या घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. सासरा ओसरीवर बसून म्हणायचा, "इथं कोणीतरी तहानलंय." ते ऐकून जी जवळ असेल तिनं तांब्या न्यायचा. सासू म्हणायची, "चुलीपाशी बसणारानं जरा दाराकडं बघावं." तिसऱ्या दिवशी माझा नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि चुलीकडं बघत म्हणाला, "उद्या वरच्या रानात जायचं हाय. भाकरी लागतील."

"कोणाला?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

तो गोंधळला. "जाणाऱ्याला," म्हणाला आणि निघून गेला.

मला हसू आलं. चौदा वर्षांची होते मी. वाटलं, लाजतोय.

पण सासरा आणि भाया लाजत नव्हते. ते दोघं एकमेकांशी बोलतच नसत. सासऱ्याला भायाला काही सांगायचं असलं की तो गोठ्यात जायचा आणि पांढऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला सांगायचा, "मेंढरं नदीकडं न्यावीत. डोंगराकडं गवत उरलं न्हाई." भाया अंगणात असायचा. तो काठी उचलायचा आणि मेंढरं नदीकडं वळवायचा. कधी त्याला उत्तर द्यायचं असलं तर तोही बैलाजवळ येऊन बोलायचा, पण सासरा तिथून हलल्यावर.

घरात भाऊ तीन होते हे मला चार महिन्यांनी कळलं. नदीवर धुणं धुताना जाऊबाई सहज बोलून गेली, "हे धोतर मधल्यांचं."

"मधले कोण?"

"मधले. ते तिकडंच राहिले."

"तिकडं म्हणजे कुठं? वऱ्हाडात?"

"न्हाई. वाटंवर राहिले."

"मग येणार कधी?"

तिनं धोतर पिळलं, दगडावर आपटलं, पुन्हा पिळलं. "राहिले म्हणलं ना," ती म्हणाली. तेव्हा कुठं मला समजलं की तो माणूस मेला आहे.

पुढं तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. रजाकारांच्या धामधुमीत आसपासची गावं रिकामी होऊन वऱ्हाडाकडं पळत होती. सासरा, सासू, थोरली सून आणि धाकटा मुलगा गाडीनं पुढं निघाले. जाऊबाई तेव्हा नुकतीच नांदायला आली होती. थोरला आणि मधला मेंढरं घेऊन मागून येणार होते. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर थोरला एकटाच आला, सोबत निम्मी मेंढरं. मधला आला नाही. कोणी काही विचारलं नाही. म्हणजे सासऱ्यानं विचारलं नाही आणि थोरल्यानं सांगितलं नाही. घरी परतल्यावर मधल्याचं बारावं-तेरावंही धड झालं नाही, कारण तसं करायचं तर तो मेला हे कोणीतरी म्हणायला हवं होतं.

भाया बायकोला मारायचा. मी पहिल्यांदा पाहिलं ते पावसाळा संपताना. ताकाचं मडकं तिच्या हातून निसटून फुटलं होतं. भाया आला, खुंटीवरचा कासरा घेतला आणि मारायला लागला. तोंडातून एक शब्द नाही. शिवी नाही, राग नाही, चेहरा झोपेतल्या माणसासारखा. कासरा पाठीवर पडायचा तेवढाच आवाज. तीही ओरडली नाही. ती भिंतीकडं तोंड करून बसली, गुडघ्यात डोकं घातलं आणि पाठ पुढं केली, जणू ठरलेलं काम उरकतायत दोघं. सासरा ओसरीवर लोकर कातत होता. त्याच्या हातातली चाती फिरत होती ती फिरतच राहिली. माझा नवरा उठून गोठ्यात गेला.

फायरमनचं मारणं मी लहानपणापासून बघत आले होते, पण असं मारणं पाहिलं नव्हतं.

भाया निघून गेल्यावर सासू म्हणाली, "हळद गरम करावी."

"भायांनी का मारलं ओ यांना?" मी विचारलं.

सासूनं माझ्याकडं पाहिलं नाही. जाऊबाईनं मात्र हात लांब करून माझ्या तोंडावर ठेवला. तिच्या बोटांना ताकाचा वास येत होता. "मारलं म्हणू नये," ती म्हणाली. "लागलं म्हणावं."

"कामून?"

"ह्या घरात तसंच म्हणत्यात."

आणि दोन वर्षांत मीही तसंच म्हणू लागले. माणूस कोणतीही भाषा शिकतो. पाठीवर वळ दिसले की "लागलंय," डोळा सुजला की "सुजलाय." मार पडला त्या दिवसाबद्दल "आज घरात झालं" एवढंच. पाऊस झाला म्हणावं तसं. वडील एकदा पूर्णेहून भेटायला आले. निघताना त्यांनी विचारलं, "सुखात हायेस ना?"

"बरं चाललंय," मी म्हणाले.

"कोणाचं?" वडील म्हणाले.

मी त्यांच्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं. ते गाडीवानाबरोबर चालू लागले.

लग्नाचं चौथं वर्ष सरत होतं, त्या उन्हाळ्याच्या तोंडी ते घडलं. ज्वारीची मळणी चालू होती. खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला, त्याला चार बैल जोडलेले आणि खाली कणसांचा थर. सासरा बैलांच्या मागं फिरत होता. माझा नवरा कणसं पसरत होता. आम्ही दोघी जावा कडेला बसून उरलेली कणसं खुडत होतो. भाया थोड्या अंतरावर कुऱ्हाडीनं बाभळीच्या फांद्या तोडत होता, खळ्याला कुंपण करायला. ऊन डोक्यावर आलं होतं.

तिवड्याजवळचा बैल दमला आणि थांबला. त्याच्या जोडीचा पांढरा बैलही त्याच्यासाठी थांबला. सासऱ्यानं काठी उगारली नाही. तो पांढऱ्या बैलाजवळ गेला, त्याच्या मानेवर हात फिरवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "तू बरा रे बाबा. जोडीदाराला टाकून तू कधी पळाला न्हाईस."

कुऱ्हाडीचा आवाज थांबला.

भाया चालत आला. धावत नाही, चालत. मला वाटलं बापावर जाईल, आणि सासऱ्यालाही तसंच वाटलं असावं, कारण तो जागेवर ताठ उभा राहिला. पण भाया त्याच्या बाजूनं गेला आणि त्यानं कुऱ्हाड पांढऱ्या बैलाच्या मानेत घातली.

बैलाच्या गळ्यातून निघालेला आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही आणि ऐकायचा नाही. बाकीचे बैल बिथरले, दावी तुटली, एक बैल माझ्या नवऱ्याला धडक देऊन पळाला. पांढरा बैल गुडघ्यावर आला. भायानं दुसरा घाव घातला. रक्त ज्वारीवर उडालं, सासऱ्याच्या धोतरावर उडालं. कोणी "थांब" म्हणालं नाही. आजही मी तो क्षण आठवते तेव्हा मला त्या बैलाचा आवाज ऐकू येतो आणि पाच माणसांचा एकही शब्द ऐकू येत नाही. मीही त्या पाचांत होते.

जाऊबाई उठली आणि पळत जाऊन तिनं भायाचा दंड धरला. त्यानं तिला झटकलं. ती पडली, पुन्हा उठली, बैलाच्या मानेवर आडवी झाली आणि उजवा हात वर केला. तिसरा घाव उतरलाच. तो त्या हातावर बसला, मनगटाच्या थोडा वर.

त्यानंतर भायानं कुऱ्हाड टाकली आणि तो बैलाशेजारी खाली बसला. बायकोकडं त्यानं पाहिलं नाही. बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

माझ्या नवऱ्यानं डोक्याचं पागोटं सोडून तिच्या दंडाला घट्ट आवळलं. गाडी जुंपली. मी गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वाटेत तिला शुद्ध आली की ती एवढंच म्हणायची, "बैल हाय का गेला?" नवरा पूर्ण वाटेत फक्त बैलांशी बोलला. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात पाहिला आणि सांगितलं, हा हात ठेवता येणार नाही.

कंपाउंडरनं वहीत लिहायला विचारलं, "कसं झालं?"

"कुऱ्हाड लागली," नवरा म्हणाला.

कंपाउंडरनं लिहून घेतलं. पण डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं असावं, कारण चौथ्या दिवशी अमीनसाब गावात आले. तेव्हा फौजदाराला अमीन म्हणत. सोबत जमादार आणि लिहिणारा मुन्शी. मुन्शी अजून उर्दूतच लिहायचा. चावडीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकली, गाव जमलं आणि आमच्या घरातल्या एकेकाला पुढं बोलावलं. दवाखान्यात जाऊबाईजवळ तिचा भाऊ थांबला होता, म्हणून मी घरी आले होते.

सासरा म्हणाला, "मळणी चालू व्हती. बैल बिथरला. कुऱ्हाड लागली."

"किसकी कुऱ्हाड? कोणाच्या हातात होती?" अमीनसाबांनी विचारलं.

"तिथं पडलेली व्हती."

सासू म्हणाली ती खळ्यावर नव्हती, आणि ते खरं होतं. माझा नवरा म्हणाला, "बैलाला लागली, मग माणसाला लागली."

अमीनसाब पन्नाशीचे, दमेकरी होते. त्यांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. "कुऱ्हाडीला पाय फुटले का रे? आपोआप चालत गेली? बैलाला दोन घाव, बाईला एक. एवढं फिरून दमली नाही ती?"

लोक हसले. आणि ते हसणं मला सहन झालं नाही. जाऊबाईचा हात दवाखान्यातल्या बादलीत मी पाहिला होता. मी पदर डोक्यावर ओढला आणि उभी राहिले.

"भायांनी मारली," मी म्हणाले. "पहिल्या दोन बैलाला. तिसरी बाईला."

मुन्शीनं वर पाहिलं. "भाया म्हणजे कोण? नाम बताओ."

मी पदर आणखी पुढं ओढला. जमादार म्हणाला, "भायाचं नाव घेत न्हाईत साहेब बाया."

"लिहायला नाव लागतं, बेटी," अमीनसाब म्हणाले. "नाव नसेल तर कागदावर पुन्हा कुऱ्हाडच येईल."

भाया दहा हातांवर बसला होता, मान खाली घालून. मी त्याच्याकडं तोंड केलं, लग्नानंतर पहिल्यांदा, आणि त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. बापाचं नाव म्हणजे माझ्या सासऱ्याचं. दोन्ही नावं एका श्वासात. बायकांमधून कोणीतरी "अगं आई गं" म्हणालं. भायानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. कोणीतरी लांबून ओळख दिल्यावर माणूस बघतो, तसा तो बघत होता.

त्याला घेऊन ते गेले.

घरी आल्यावर माझ्या नवऱ्यानं दार लावलं. चार वर्षांत त्यानं माझ्यावर हात टाकला नव्हता, आणि मी त्याला मऊ माणूस समजत होते. त्यानं मला पहिली थप्पड मारली तेव्हा मी आश्चर्यानं बघतच राहिले. मग त्यानं केस धरून मला खाली पाडलं आणि लाथ घातली, बरगडीत, पाठीत, पुन्हा बरगडीत. आणि तो बोलत होता. "तू कामून बोललीस? तुला कोणी इचारलं व्हतं? तू कोण? तू कोण ह्या घरची?" प्रत्येक लाथेला एक 'तू'. चार वर्षांत त्यानं मला 'तू' म्हटलं नव्हतं. मी रक्त थुंकत होते आणि मनात हेच येत होतं की हा माझ्याशी बोलतोय.

तो दमून बाहेर गेल्यावर सासू हळद घेऊन आली. माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "लय लागलं का?"

"लागलं न्हाई," मी म्हणाले. तोंडातून शब्द नीट निघत नव्हते. "तुमच्या पोरानं मारलं."

मला वाटलं ती उठून जाईल. ती उठली नाही. तिनं तोंड उघडलं, बोटानं ओठ वर केला आणि मला दाखवलं. समोरचे दोन दात नव्हते. ते मी रोज बघत होते, पण म्हातारपणी पडले असतील असं धरून चालले होते.

"तुझ्या सासऱ्यानं पाडले," ती म्हणाली. "माझी थोरली लेक जन्मली त्या सालाला. मी माहेरी सांगितलं, भाकरीत खडा आला." मग हळदीचा हात माझ्या पाठीवर फिरवत ती पुढं म्हणाली, "आज पस्तीस वर्सं झाली खडा आलेल्याला." तिला एक थोरली लेक होती हेही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती जगली नव्हती.

खटला परभणीच्या अदालतीत पावसाळ्यानंतर उभा राहिला. जाऊबाई दवाखान्यातून तिच्या भावाकडं पाथरीला गेली होती. तिथून ती भावाबरोबर आली. उजवी बाही गाठ मारलेली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. न्यायाधीशांनी विचारल्यावर ती म्हणाली, "बैलानं शिंग मारलं." वकिलानं डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला, की हा घाव धारदार हत्याराचा आहे. ती म्हणाली, "मला तेवढंच आठवतंय."

मी मात्र जे सांगितलं होतं तेच सांगितलं. दोन्ही नावं घेऊन.

मग सासऱ्याला उभं केलं. काठी बाजूला ठेवून तो कठड्याला धरून उभा राहिला. न्यायाधीशांनी विचारलं, कुऱ्हाड कोणाच्या हातात होती. तिथं बोलायला बैल नव्हता. सासरा न्यायाधीशांकडं बघत होता, मग माझ्याकडं, मग बाकावर बेड्या घालून बसवलेल्या भायाकडं.

"माझ्या पोराच्या," तो म्हणाला. "ह्यानंच मारली. मी त्याला बोललो म्हणून मारली." आणि मग कोणी न विचारता म्हणाला, "मधल्याला मेंढरांसंगं मीच मागं ठेवला, साहेब. एक मेंढरू सुटता कामा नये असं मीच सांगितलं व्हतं."

न्यायाधीश म्हणाले, त्याचा या खटल्याशी संबंध नाही. अदालतीच्या मुन्शीनं ते लिहिलं नाही.

भायाला वर्षाची सजा झाली. शिपाई त्याला व्हरांड्यातून घेऊन चालले होते, आम्ही सगळे कडेला उभे होतो. बापासमोर आल्यावर भाया थांबला. शिपायानं ओढलं तरी हलला नाही.

"बा," तो म्हणाला. त्याचा आवाज मी इतका जवळून पहिल्यांदाच ऐकत होते. आवाज माझ्या नवऱ्यासारखाच होता. "तुझी चूक न्हाई. तो मेंढरं सोडंना. मी म्हणलं चल, तो म्हणाला बा रागावंल. मग ते आले अन् मी पळालो. मी नाल्यात पडून व्हतो. तो माझं नाव घेऊन हाका मारायला लागला. किती हाका मारल्या त्यानं, बा. मी उठलो न्हाई."

सासऱ्यानं काठी उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. भायानं हात वर केले नाहीत, बेड्या होत्या, पण नसत्या तरी केले नसते. दुसरी काठी कपाळावर बसली, रक्त आलं. शिपायांनी सासऱ्याला धरलं तेव्हा तो म्हातारा दोघांना आवरत नव्हता. तो ओरडत होता, "त्यानं हाक मारली अन् तू ऐकत बसलास? तू ऐकत बसलास?" आणि भाया म्हणत होता, "व्हय बा. मी ऐकत बसलो." माझा नवरा मध्ये पडला तर त्यालाही काठी बसली. सासू भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं मधल्या मुलाचं नाव घेऊन हंबरडा फोडला. त्याच्यासाठी घरातलं पहिलं रडणं, पाच-सहा वर्षांनी, अदालतीच्या व्हरांड्यात, पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेल्या भिंतीशी.

मला पुष्कळदा कोणी कोणी विचारलं आहे, की तू बोललीस त्यानं चांगलं झालं का. मला माहीत नाही. घर फुटलं हे खरं. सासरा त्यानंतर दोन वर्षं जगला. तो बैलांशीही बोलेनासा झाला. पण भांडायला मात्र लागला, माझ्या नवऱ्याशी, सासूशी, गावाशी, तोंडावर, नाव घेऊन. एकदा त्यानं माझ्या नवऱ्याच्या डोक्यात पितळी तांब्या घातला. मधल्याचं कार्य मात्र त्यानं केलं. पाच गावं जेवली, आणि पंगतीत उभा राहून तो म्हणाला, "माझं पोरगं मारलं गेलं. मीच त्याला मागं ठेवलं व्हतं."

भाया सजा भोगून सुटला तो घरी आलाच नाही. पूर्णेला मालधक्क्यावर पोती वाहू लागला. माझे वडील त्याला कधी दिसत. ते सांगायचे, गडी कामाला चांगला आहे, पण कोणी पाठीमागून नावानं हाक मारली की खांद्यावरचं पोतं टाकून देतो.

माझ्या नवऱ्यानं माझ्यावर पुढं दोनदा हात टाकला. दोन्ही वेळा मी अंगणात जाऊन मोठ्यानं सांगितलं, कोणी मारलं, कशानं मारलं आणि कुठं मारलं. शेजारणी ऐकत होत्या. दुसऱ्या वेळी एका शेजारणीनं तिच्या अंगणातून तिच्या नवऱ्याचं सांगितलं. गावात आमची नाचक्की झाली. तिसऱ्यांदा त्यानं हात टाकला नाही. तो मला 'तू' म्हणायचा, आणि त्यात माया होती असं मी म्हणणार नाही. निदान चुलीकडं बघून बोलायचा नाही.

जाऊबाईला भेटायला मी गेले तेव्हा आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं आणि पाथरीला एसटी जाऊ लागली होती. माझा थोरला मुलगा माझ्या कडेवर होता. तिच्या भावाचं घर बाजाराच्या मागं. ती अंगणात डाव्या हातानं शेळ्यांना पाला टाकत होती. मला पाहून तिनं पाला टाकायचा थांबवला नाही.

"बाई, बऱ्या हायेत का?" मी विचारलं.

"तू कशाला आलीस?" ती म्हणाली.

मी मुलाला खाली ठेवलं. ती माझ्याकडं वळली आणि मग तिनं जे जे म्हणायचं ते म्हटलं, एवढी वर्षं साठवलेलं. "माझा हात गेला, तो माझा गेला. तुझं काय गेलं? मी सांगितलं असतं तर सांगितलं असतं. तू माझ्या नवऱ्याचं नाव घेतलंस, भर गावात. मला घर न्हाई, दार न्हाई. भावजय मला रोज ताटावरून उठवते. तो मारायचा, पण घर माझं व्हतं. तू मला बेघर केलंस." तिनं हातातली फांदी माझ्या अंगावर फेकली. काटा माझ्या गालावर ओढला गेला. मुलगा रडायला लागला.

मी म्हणाले, "व्हय. मी नाव घेतलं. तुमचा हात बादलीत बघितला मी, बाई. मला दुसरं काही सुचलं न्हाई."

तिनं माझ्या मुलाकडं बघितलं, आत गेली आणि त्याला गुळाचा खडा आणून दिला. शेळ्यांचं सगळं आवरल्यावर ती उंबऱ्यावर येऊन बसली आणि पाठ माझ्याकडं केली. तिच्या मांडीवर फणी होती.

"एका हातानं वेणी येत न्हाई," ती म्हणाली. "भावजय घालून देत न्हाई. तू घाल."

मी तिच्या मागं बसले. केस गुंतलेले होते, मध्येमध्ये पांढरे झालेले. मी हळूहळू गुंता सोडवायला लागले.

"अशी भिऊन कशाला वढायलीस?" ती म्हणाली. "दुखलं तर मी सांगन की."